डब्ल्यूएनबीएचा तिसावा हंगाम: पाहण्याआधी तयारी कशी करावी

२१ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथे न्यूयॉर्क लिबर्टी आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्यात डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगचा पहिला सामना झाला आणि लिबर्टीने तो ६७-५७ असा जिंकला. त्या वेळी लीगमध्ये आठ संघ होते. २०२६ मध्ये ही लीग तिसाव्या हंगामात पाऊल टाकत असून टोरांटो टेम्पो आणि पोर्टलंड फायर या दोन नव्या संघांमुळे संघांची संख्या पंधरावर पोहोचली आहे. शाळेत किंवा महाविद्यालयात बास्केटबॉल खेळलेल्या, पण ही लीग कधी नेमाने न पाहिलेल्या वाचकांनी हा हंगाम सुरुवातीपासून समजून घ्यायचा असेल, तर काय तयारी करावी हे येथे क्रमाने मांडले आहे.

बहुतेक जण अशा लीगकडे एखाद्या खेळाडूचे नाव ऐकून वळतात आणि केटलिन क्लार्कमुळे तर लाखो नवे प्रेक्षक आले. नावापासून सुरुवात करण्यात गैर काही नाही, मात्र तेवढ्यावर थांबले की ती खेळाडू जायबंदी होताच प्रेक्षकाचा हंगामही संपतो. २०२५ मध्ये क्लार्क दुखापतींमुळे केवळ १३ सामने खेळू शकली. तरीही तिचा इंडियाना फीव्हर हा संघ एकामागून एक खेळाडू गमावत उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढे विजेत्या ठरलेल्या लास वेगास एसेसला त्याने पाचव्या सामन्यातील जादा वेळेपर्यंत झुंजवले. त्या वर्षातील अत्यंत चिवट अशी ही मालिका क्लार्कसाठीच लीग पाहणाऱ्या अनेकांच्या नजरेतून निसटली. म्हणून माझा आग्रह असा, की आधी स्पर्धेचा आराखडा, मग संघांची बांधणी, मग वेळापत्रक आणि शेवटी खेळाडू, या क्रमाने तयारी करावी.

स्पर्धेचा आराखडा

संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत वाटलेले आहेत. पूर्वेकडे अटलांटा, शिकागो, कनेटिकट, इंडियाना, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि आता टोरांटो, तर पश्चिमेकडे डॅलस, गोल्डन स्टेट (सॅन फ्रान्सिस्को), लास वेगास, लॉस एंजेलिस, मिनेसोटा, फिनिक्स, सिअ‍ॅटल आणि पोर्टलंड आहेत. साखळी फेरीत प्रत्येक संघ ४४ सामने खेळतो. बाद फेरीसाठी मात्र विभाग पाहिला जात नाही. एकूण गुणतालिकेतील पहिले आठ संघ पात्र ठरतात, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. विभागात तिसरा किंवा चौथा क्रमांक असल्याने कोणीही सुरक्षित होत नाही, त्यामुळे एकत्रित गुणतालिकाच पाहत जावी.

२०२५ पासून बाद फेरीची पहिली मालिका तीन सामन्यांची, उपांत्य फेरीची पाच सामन्यांची आणि अंतिम फेरीची सात सामन्यांची आहे. पूर्वी अंतिम फेरी पाच सामन्यांचीच असे. मालिका जितकी लांब तितका बलवान संघाचा फायदा, हे सूत्र येथे लागू पडते: तीन सामन्यांच्या मालिकेत एका रात्रीच्या चुकीची भरपाई कठीण असते, सात सामन्यांत ती होऊ शकते.

साखळी फेरीच्या पोटात ‘कमिशनर्स कप’ ही आणखी एक छोटी स्पर्धा असते. ठरावीक साखळी सामन्यांची वेगळी गुणतालिका ठेवली जाते आणि प्रत्येक विभागातील अव्वल संघ बक्षिसाच्या रकमेसाठी अंतिम सामना खेळतो. हा अंतिम सामना साखळी फेरीच्या हिशेबात धरला जात नाही. २०२५ मध्ये तो इंडियानाने मिनेसोटा लिंक्सविरुद्ध जिंकला होता.

संघ नव्याने ओळखण्याचे काम

यंदाच्या तयारीतील सर्वांत मोठे काम हेच आहे. खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये लीगबरोबरच्या जुन्या वेतनकरारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. पुढच्या करारात वेतन वाढणार हे उघड असल्याने बहुसंख्य अनुभवी खेळाडूंनी आपले वैयक्तिक करार २०२५ चा हंगाम संपताच संपतील असेच केले होते. जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिस येथील ऑल-स्टार सामन्यापूर्वी सराव करताना खेळाडूंनी ‘आमचे देणे द्या’ अशा आशयाचे टी-शर्ट घातले होते, ते याच मागणीसाठी. २०२५ मध्ये एका संपूर्ण संघाची वेतनमर्यादा सुमारे १५ लाख डॉलर आणि एका खेळाडूचे कमाल वेतन सुमारे अडीच लाख डॉलर होते, हे लक्षात घेतले की मागणीमागची तळमळ समजते. स्टेडियम भरत असताना आणि प्रक्षेपणहक्कांसाठी २०२६ पासूनचा अकरा वर्षांचा, सुमारे २२० कोटी डॉलरचा करार झालेला असताना खेळाडूंनी आपला वाटा मागणे मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

प्रेक्षकासाठी याचा अर्थ असा, की गेल्या वर्षी कोण कुठे खेळत होते या आठवणीवर विसंबून राहू नये. प्रत्येक संघाची अधिकृत यादी उघडावी आणि वहीत तीन रकाने करावेत. गेल्या वर्षीच्या खेळाडूंपैकी कोण राहिले ते पहिल्या रकान्यात, इतर संघांतून कोण आले ते दुसऱ्यात आणि महाविद्यालयातून किंवा परदेशी लीगमधून थेट कोण आले ते तिसऱ्यात लिहावे. पहिला रकाना सर्वांत महत्त्वाचा मानावा. या लीगमध्ये हंगामापूर्वीची सराव शिबिरे छोटी असतात आणि सामने सुरू झाले की सरावाला फारसा वेळ उरत नाही. त्यामुळे ज्या संघातील चार-पाच मुख्य खेळाडू एकमेकींच्या सवयी आधीपासून जाणतात, त्या संघाला पहिल्या महिन्यात निश्चित फायदा मिळतो.

नव्या संघांबाबत थोडे थांबून विचार करावा लागतो. नवा संघ मुख्यतः इतर संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंमधून उभा राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोल्डन स्टेट वाल्किरीज हा संघ असाच उभा राहिला: जुन्या संघांना प्रत्येकी सहा खेळाडू राखून ठेवता आले आणि उरलेल्यांतून वाल्किरीजने अकरा जणी निवडल्या. इतरांनी सोडलेल्या खेळाडूंचा हा संघ तळाला राहील असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात नताली नाकासे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २३ सामने जिंकले, २१ गमावले आणि पदार्पणाच्याच हंगामात बाद फेरी गाठणारा लीगच्या इतिहासातील पहिला नवा संघ होण्याचा मान मिळवला. आधीच्या संघात राखीव म्हणून बसणारी वेरोनिका बर्टन येथे मुख्य गार्ड झाली आणि सर्वाधिक प्रगती केलेली खेळाडू ठरली. म्हणून टोरांटो आणि पोर्टलंड यांच्या यादीत प्रसिद्ध नावे शोधण्याऐवजी, आधीच्या संघात दहा-बारा मिनिटेच खेळायला मिळालेली पण बचावात पक्की असलेली खेळाडू कोण, हे शोधावे. टोरांटोच्या प्रशिक्षक सँडी ब्राँडेलो यांनी २०१४ मध्ये फिनिक्सला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला विजेतेपद मिळवून दिले आहे, ही नोंदही वहीत असू द्यावी. पोर्टलंड फायर हे नाव मात्र लीगला नवे नाही; २००० ते २००२ या काळात याच नावाचा संघ तेथे खेळला होता.

महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, बाद फेरी हुकलेल्या संघांना पहिली संधी मिळते आणि त्यांच्यातील क्रम सोडतीने ठरतो. सोडतीत कोणाला किती वाव द्यायचा हे मागील दोन हंगामांच्या एकत्रित कामगिरीवर ठरते, जेणेकरून एखाद्या वर्षी मुद्दाम हरून फायदा उपटता येऊ नये. क्लार्क २०२४ मध्ये आणि डॅलसची पेज ब्यूकर्स २०२५ मध्ये याच मार्गाने पहिल्या क्रमांकावर निवडली गेली आणि दोघीही आपापल्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरल्या. पण यावरून प्रत्येक नवोदित खेळाडू लगेच चमकेल असे मानू नये. संघात साधारण बाराच जागा असतात. ड्राफ्टमध्ये निवड होऊनही सराव शिबिरातूनच घरी परतणाऱ्या मुली दरवर्षी असतात.

वेळापत्रक आणि घड्याळ

भारतातून पाहणाऱ्यांनी वेळेचे गणित एकदाच नीट करून ठेवावे. संपूर्ण हंगाम अमेरिकेतील उन्हाळी वेळेत खेळला जात असल्याने फरक अधेमधे बदलत नाही. न्यूयॉर्क, अटलांटा, इंडियानापोलिस, वॉशिंग्टन, कनेटिकट आणि टोरांटो येथील वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. शिकागो, डॅलस आणि मिनिआपोलिस येथील साडेदहा तास. लॉस एंजेलिस, लास वेगास, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल आणि पोर्टलंड येथील साडेबारा तास. फिनिक्स ज्या अ‍ॅरिझोना राज्यात आहे तेथे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, पण उन्हाळ्यात त्याची वेळ लॉस एंजेलिसशी जुळते, म्हणून तेथेही साडेबारा तासच धरावेत.

याचा व्यवहारातील अर्थ असा: ब्रुकलिनमध्ये संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला आणि लास वेगासमध्ये सात वाजता सुरू होणारा सकाळी साडेसातला दिसतो. तारीख एक दिवसाने पुढे सरकते, हे विसरल्यामुळे सामना हुकण्याचे प्रसंग फार येतात. अमेरिकेतील शुक्रवारचा सामना फोनच्या दिनदर्शिकेत शनिवारी नोंदवावा. शनिवार-रविवारी पूर्व किनाऱ्यावर दुपारी एक वाजता होणारे सामने आपल्याकडे त्याच रात्री साडेदहाला सुरू होतात. नव्या प्रेक्षकांनी याच सामन्यांपासून आरंभ करावा, कारण घरातील इतरांबरोबर पाहता येतील असे सामने तेच असतात.

प्रक्षेपणासाठी लीगचे स्वतःचे ‘लीग पास’ हे सशुल्क अ‍ॅप आहे. वर्गणी भरण्यापूर्वी भारतात त्यावर कोणते सामने थेट आणि कोणते नंतर दिसतात, तसेच बाद फेरीचे सामने त्याच वर्गणीत येतात का, हे अ‍ॅपवरच तपासावे. न्यू जर्सी, शिकागो, डॅलस, बे एरिया किंवा टोरांटो येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र निदान एक सामना प्रत्यक्ष जाऊन पाहावा. चेंडूचा वेग आणि बचावातील बोलणे पडद्यावर कळत नाही. वाल्किरीजचे सामने असतील तर तिकिटे वेळेत काढावीत, कारण २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमधील त्यांचे सर्व घरचे साखळी सामने भरगच्च झाले होते.

वेळापत्रक केवळ सामन्यांच्या वेळांसाठी वाचू नये. ज्या संघाला निवडाल, त्याचे सलग परगावचे सामने किती, दोन सामन्यांमध्ये एकच दिवस विश्रांती कितीदा आणि पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे येऊन लगेच खेळण्याची वेळ कधी येते, हे रंगीत पेनाने खुणावून ठेवावे. सहा आठवड्यांनी संघ अचानक तीन सामने हरला, तर बऱ्याचदा कारण त्या खुणांमध्येच सापडते. यंदा आणखी एक बाब आहे. फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, महिला विश्वचषक ४ ते १३ सप्टेंबर २०२६ या काळात बर्लिन येथे होणार असून लीगमधील अनेक प्रमुख खेळाडू आपापल्या देशांसाठी तेथे खेळतील. ज्या संघात राष्ट्रीय संघांच्या खेळाडू जास्त, त्या संघाला शेवटच्या टप्प्यात थकव्याचा प्रश्न जास्त, असे मी धरून चालते.

एका संघाची निवड

पंधरा संघांवर नजर ठेवणे पूर्णवेळ पत्रकारांनाही जड जाते. एक संघ आपला मानावा, त्याचे होतील तितके सामने पूर्ण पाहावेत आणि उरलेल्यांसाठी दहा मिनिटांचे क्षणदर्शन, म्हणजे हायलाइट्स, पुरेसे समजावे. निवड करताना विजेत्याकडेच धाव घेण्याची गरज नाही. डावपेच शिकण्यासाठी मिनेसोटा लिंक्ससारखा संघ उत्तम. २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ अशी चार विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत आणि २०२५ च्या साखळी फेरीत ३४ विजय मिळवून ते अव्वल होते. पहिल्या चारही वर्षी, म्हणजे १९९७ ते २००० या काळात, विजेता ठरलेला ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ २००८ मध्ये बंद पडला, हे वाचले की आजच्या लीगचे स्थैर्य किती कष्टाने आले आहे याची कल्पना येते.

आकडे वाचण्याची पद्धत

येथे थोडा वेळ घालवावा, कारण वर्तमानपत्रांतील गुणांचे आकडे सर्वांत जास्त दिशाभूल करतात. समजा, दोन खेळाडूंनी प्रत्येकी १५ वेळा बास्केटचा प्रयत्न केला आणि प्रत्येकीचे सहा प्रयत्न यशस्वी झाले. पहिलीचे सहाही दोन गुणांचे असतील, तर तिचे १२ गुण झाले. दुसरीचे चार तीन गुणांचे असतील, तर तिचे १६. यशाची साधी टक्केवारी दोघींची ४० च आहे. म्हणून तीन गुणांच्या प्रत्येक यशस्वी प्रयत्नाला दीडपट धरून टक्केवारी काढतात. तशी ती पहिलीची ४० आणि दुसरीची ५३ येते. खेळाडूंची तुलना करताना हीच टक्केवारी पाहावी.

संघाच्या बाबतीत सामन्यागणिक गुणांपेक्षा चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला आणि दर शंभर ताब्यांमागे किती गुण झाले, हे पाहावे. ताब्यांचा अंदाज घरीही काढता येतो: बास्केटचे एकूण प्रयत्न घ्यावेत, त्यांत फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे ०.४४ पट आणि टर्नओव्हर (प्रयत्नाआधीच चेंडू गमावण्याचे प्रसंग) मिळवावेत आणि आक्रमणातील रिबाउंड (प्रयत्न हुकल्यावर त्याच संघाने परत मिळवलेले चेंडू) वजा करावेत. एखाद्या संघाचे ६८ प्रयत्न, २० फ्री थ्रो, १३ टर्नओव्हर आणि ९ आक्रमक रिबाउंड असतील, तर ताबे सुमारे ८१ होतात. त्यांत ८४ गुण झाले असतील, तर शंभर ताब्यांमागे सुमारे १०४ गुण पडले. हाच हिशेब प्रतिस्पर्ध्याचा करून दोहोंतील फरक काढावा. वेगवान खेळणारा संघ ९० गुण करूनही सामान्य असू शकतो आणि संथ खेळणारा ७८ गुणांत सामना पक्का जिंकू शकतो, हे अशा हिशेबातूनच दिसते.

आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाईही नको. २ ऑगस्ट २०२५ रोजी एसेस हा संघ स्वतःच्या मैदानावर मिनेसोटाकडून १११-५८ असा, म्हणजे ५३ गुणांनी हरला आणि त्याची कामगिरी १४ विजय व १४ पराभव अशी झाली. त्या दिवसापर्यंतच्या आकड्यांवरून कोणीही त्याला विजेता म्हटले नसते. त्यानंतर साखळी फेरीतील उरलेले सोळाही सामने त्याने जिंकले आणि अंतिम फेरीत फिनिक्स मर्क्युरीला ४-० असे हरवले. एजा विल्सन त्या वर्षी चौथ्यांदा लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, जे तिच्याआधी कोणालाही साधले नव्हते. मात्र तो संघ सावरला तो तिच्या एकटीच्या गुणांवर नव्हे. दुसऱ्या फळीतील खेळाडूंच्या भूमिका बदलल्यावर बचाव घट्ट झाला, त्यामुळे सावरला. साधारण शेवटचे दहा सामने वेगळे काढून पाहण्याची सवय लावली, तर असे वळण लवकर ओळखता येते.

सामना पाहताना

सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो, आक्रमणासाठी २४ सेकंद मिळतात आणि चेंडू सहा क्रमांकाचा, म्हणजे आपल्याकडील मुलींचे संघ वापरतात तोच असतो. तीन गुणांची रेषाही मुख्य भागात ६.७५ मीटरवर, फिबाच्या नियमाप्रमाणेच आहे. काही फरक मात्र प्रशिक्षकांनी खेळाडूंना आधीच सांगून ठेवावेत. येथे खेळाडू सहाव्या वैयक्तिक फाऊलवर बाहेर जाते, आपल्याकडे पाचव्या. बचाव करणारी खेळाडू कोणालाही न अडवता रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभी राहू शकत नाही, फिबाच्या नियमांत अशी बंदी नाही. रिंगला लागून वर उडालेला चेंडू फिबाच्या नियमाप्रमाणे काढून टाकता येतो, पण येथे तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावता येत नाही. मुली टीव्हीवर पाहून तसेच करायला जातात आणि शालेय सामन्यात गोंधळ होतो, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे.

पाहण्याची एक पद्धत मी सर्वांना सुचवते. पहिल्या सत्रात चेंडूकडे पाहावे. दुसऱ्या सत्रात मात्र चेंडू नसलेल्या एकाच खेळाडूवर डोळे ठेवावेत. ती सहकाऱ्यासाठी अडथळा कधी उभा करते, तो सोडून रिंगकडे कधी वळते, बचावात हात वर ठेवून कोणाला कशी जागा दाखवते, हे एका सत्रात जेवढे शिकता येते तेवढे क्षणदर्शनाच्या शंभर तुकड्यांतूनही येत नाही. नागपाड्याच्या किंवा डेक्कनच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा असे एक सत्र एकत्र दाखवून त्यावर प्रश्न विचारले, तर त्याचा परिणाम त्यांच्या खेळात दिसतो. या मुलींपुढे उदाहरणेही आहेत. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवलेली शिरीन लिमये पुण्याची आहे आणि केरळच्या गीतू अ‍ॅना जोसला २०११ मध्ये याच लीगमधील शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांनी चाचणीसाठी बोलावले होते.

शेवटच्या टप्प्यात वही पुन्हा उघडावी. आठव्या क्रमांकाच्या आसपासच्या तीन-चार संघांचे उरलेले सामने कोणाशी आणि कुठे आहेत, हे शेजारी-शेजारी लिहावे. त्याच वेळी चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाकडेही लक्ष द्यावे, कारण पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकाच्या संघाला पहिला आणि तिसरा सामना घरी मिळतो, तर खालच्या संघाला दुसरा. बरोबरीच्या दोन संघांमध्ये निर्णायक तिसरा सामना कोणाच्या मैदानावर व्हायचा, हे अनेकदा साखळी फेरीतील एखाद्या साध्या वाटणाऱ्या विजयावर ठरते. तो सामना कोणता असू शकतो, हे आधीच शोधून त्यावर खूण करून ठेवावी.